तिसऱ्या कडव्यातला खड्डा

एकेचाळीस वर्षांनी पुन्हा तोच मागचा जिना.
ड्रम आता नातू वाहतो,
माझ्याकडे काठ्या आणि गुडघ्याचा पट्टा.
ग्रिम्सबीच्या गोदीत मासळी उरली नाही,
पण वाऱ्याला अजून आठवते ती,
रात्री नऊनंतर तर फारच.

क्लाइव आधीच आलाय. बेस गळ्यात, चष्मा कपाळावर,
फरशीवर चिकटवलेली गाण्यांची यादी वाचतोय.
अक्षरं एवढी मोठी
की तीन गाण्यांना एक कागद.
लॉर्ना कानातलं यंत्र काढून
रुमालात गुंडाळते.
'तेव्हाही कुठे ऐकू येत होतं,' म्हणते.

डॉनकॅस्टरला, ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात,
ती गाणं अर्ध्यावर टाकून निघून गेली होती,
कोट घ्यायलाही थांबली नाही.
कोट माझ्याकडे राहिला.
दोन घरं बदलली, एक नवरा बदलला, कोट तोच.
गेल्या मार्चमध्ये नेऊन दिला.
तिनं खिशात हात घातला, बसचं तिकीट निघालं.
त्यावर काही बोललो नाही आम्ही. चहा झाला.
मी निघताना दारात म्हणाली,
'मंगळवारी मोकळी असतेस का?'

मधली वर्षं मी शाळेची बस चालवली.
सिग्नलला बोटं स्टिअरिंगवर ठेका धरायची,
मागून पोरं ओरडायची:
मिस, हिरवा झाला.

रेमंड नाही.
त्याची गिटार आहे, आणि टॅम्सिन, त्याची मुलगी.
आम्ही फुटलो तेव्हा ती जन्मलीही नव्हती.
कॅसेटवरून शिकली सगळं,
म्हणजे आमच्या चुकांसकट.

तर 'गोदाम नंबर चार'. तिसऱ्या कडव्यात
एक ठोका गळलाय.
त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली म्हणे.
कुणाला त्यात बंद कारखाना ऐकू आला,
कुणाला संपूर्ण दशक.
खरं सांगते, घामानं काठी निसटली.
तासाला सात पौंड होता स्टुडिओ,
आणि आमचा तास संपला होता.
रेमंडनं आपला सूर त्या खड्ड्यावर
फळीसारखा आडवा टाकला,
आम्ही सगळे त्यावरून पलीकडे गेलो.

यंदा तो बुजवायचाच, असं ठरवून आले होते.
तालमीत वाजवलाही. पुरा, चोख.
टॅम्सिनचा हात तारांवरच थांबला.
'इथे जागा होती,' म्हणाली. 'मी कुठे थांबू?'
क्लाइव उगाच वायरी तपासत बसला.

आज अडीचशे माणसं.
पुढे टकलं, पाठीला आधार म्हणून भिंतीलगत आणखी टकलं,
मध्ये काळ्या कपड्यांतली कोवळी पोरं,
त्यांना कुणी सांगितलं आमच्याबद्दल, कोण जाणे.
लॉर्नाचा आवाज तळघरात उतरलाय.
वरच्या सुरांकडे ती जातच नाही,
हातानं नुसते दाखवते, ते तिथे आहेत म्हणून.
लोक मान्य करतात.

पहिलं कडवं. दुसरं. खांदा कुरकुरायला लागला.
तिसरं.
काठी वर नेली
आणि खाली आणली नाही.

अडीचशे माना एकदम अधांतरी,
एकही चुकली नाही.
माझी एका रात्रीची चूक
इतक्या घरांत इतकी वर्षं पाठ होती
आणि मी बसमध्ये, हिरव्याची वाट बघत.
टॅम्सिननं फळी टाकली,
बापापेक्षा किंचित उशिरा.
मी तिच्यासाठी थांबले. तेवढं येतं मला.

अकराला दिवे लागले.
क्लाइवची बायको गाडीत झोपलेली.
लॉर्ना कोट घालून, बटणं लावून उभी,
एकदा चुकून नाही, दोनदा माझ्याकडे बघून गेली.
नातू जिन्यात विचारतो,
'आजी, त्या तिथे तू चुकलीस ना?'
म्हटलं, जिना ओला आहे,
झांज नीट धर.