किती वाव

सर्जेकोटला, बर्फाच्या कारखान्यामागे,
मच्छीमार सोसायटीने मला एक खोली दिली आहे:
टेबल, पंखा, आणि बासष्ट सालापासूनच्या वह्या.
पानं उलटताना बोटांना मीठ लागतं.
पानाचा फोटो काढायचा, नाव द्यायचं, डिस्कवर ठेवायचा.
सोपं काम, म्हणाले होते चेअरमन.

नावं सोपी नाहीत इथली.
आधी देव, मग होडी, मग मालक, मालकाचा बाप,
वाडी, जाळ्याची जात, साल,
आणि लवू नि न्हानू या खवणेकर भावांच्या बाबतीत
अगदी शेवटी, 'थोरली' किंवा 'धाकटी'.
बाकी सगळं सारखं. फरक तेवढा शेपटाला.

मागच्या वर्षीच्या प्रोग्रॅमने कुणाला विचारलं नाही.
नाव मावेना, तसं निमूट कापलं.
धाकटी जाऊन थोरलीवर बसली,
थोरलीची अठ्ठावीस वर्षं बुडाली
भर कचेरीत, पंख्याखाली, वारा नसताना.
वही तोवर रद्दीत गेली होती.
लवू आला. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला,
"म्हंजे माजी होडी नव्हतीच काय?"

म्हणून हल्ली लिहिण्याआधी मी विचारते.
बाई गं, केवढं नाव पेलशील?
वाट किती लांब चालेल?
जास्त झालं तर मला सांगशील,
की तूही गुपचूप कापशील?
दोनशे पंचावन्न बाइट, म्हणते ही डिस्क.
आपल्या अक्षराला तीन लागतात.
कान्याचे वेगळे तीन, वेलांटीचे तीन,
मोडक्या पायाचेसुद्धा तीन.
म्हणजे पंच्याऐंशी. त्यात देवालाच किती जातात.

केशा टिकम तांडेल दुपारी पंख्याखाली टेकतो.
त्याला सांगितलं, पुस्तकात एक आकडा छापलेला असतो,
पण प्रत्येक कप्प्याला वेगळं विचारावं लागतं,
कारण आत कुठली डिस्क जोडली आहे, बाहेरून कळत नाही.
"मगे?" तो म्हणाला. "जेटीर बसान भायरचो वाव सांगतत काय?"
त्याच्या आजाकडे शिशाचा गोळा होता, दोरीला बांधलेला,
बुडाला खळगा, खळग्यात चरबी.
दोरी हातांनी मोजायची: एक वाव, दोन वाव.
चरबीला चिकटून वर काय आलं ते बघायचं,
वाळू, रेव की चिखल.
खोली एक प्रश्न. नांगर धरेल का, हा दुसरा.
आणि भरतीला पुन्हा टाकायचा गोळा,
सकाळचं उत्तर सकाळचंच.

"आणि तळच नाही लागला तर?" मी विचारलं.
"तर नाय गावलो म्हणाचा. दोरी सपली म्हणान सांगाचा नाय."

हे माझ्याकडेही आहे, केशाकाका.
कधी कधी उत्तर येतं, उणे एक.
त्याचे अर्थ दोन: मर्यादाच नाही,
किंवा प्रश्नच चुकला, ती वाटच नाही तिथे.
आकडा तोच. आवाज तोच.
ओळखायची युक्ती एवढीच, की विचारण्याआधी
चुकांची पाटी पुसून शून्य करायची,
आणि नंतर पाहायचं, तिच्यावर काही उमटलं का.
आधी पुसली नसेल
तर कालची चूक आजच्या उत्तराला चिकटते.

संध्याकाळी लवू येतो. थोरलीचं आठवेल ते सांगतो,
मी टाइप करते. इंजिन कधी बसवलं,
पापलेट कुठल्या साली उतू गेलं,
कुणाचा हात रहाटात सापडला.
शहाऐंशी सालाशी आला की थांबतो.
तळ नाही, की दोरी संपली,
चेहऱ्यावरून कळत नाही.

मी मागच्या वर्षीचं सगळं पुसून घेते मनातून,
त्याच्या चहावर बशी झाकते,
आणि पुन्हा विचारते.