बिब्ब्याची खूण

वानवडीच्या गोऱ्यांचे सदरे मी नावानं नाही,
बिब्ब्याच्या खुणेनं ओळखतो.
तीन ठिपके, खाली आडवी रेघ: हॉलिस.

एकदा त्याच्या खिशात चिठ्ठी राहिली.
कळलं तेव्हा दगडावर दोनदा आपटून झालेली,
शाई उजव्या बाहीवर उतरलेली.
कागद निवडुंगावर वाळवून नेऊन दिला.
"आईला होती," म्हणाला. हसला.
"पुन्हा लिहीन."

रविवारी पलटण बसऱ्याला गेली.
माझे दोन आणे राहिले त्याच्याकडे.

शिमग्याला गठ्ठा सोडला, तर
तीन ठिपके, आडवी रेघ.
सदरा आता भलत्याच पोराचा,
गळा दोन बोटं सैल केलेला.
ही खूण काढ, म्हणाला.
बिब्बा जात नाही, साहेब.

बाहीवरचं फिकट निळं
त्यानं पाहिलंच नाही.