परीटघडी

पहिल्या खेपेला चार शर्ट आले.
पावतीवर नाव : नॅथन प्रॉसर, कारकून,
कोळशाचा धक्का, विडकम, बाथ.
शर्टामागे अडीच पेनी, खळ धरून.

कारकुनाला इतकं तलम कापड परवडत नाही.
असो, जुन्या बाजारात मिळतं, मेलेल्यांचं.
पण गळ्याच्या आत, जिथे खूण शिवतात,
तिथे सुईची भोकं होती. दोरा नव्हता.
कुणीतरी कात्रीच्या टोकानं, घाईघाईत,
अक्षरं उसवली होती.
ओलं कापड मी खिडकीशी धरलं
आणि उजेडानं ती मला वाचून दाखवली :
एक ए, एक व्ही,
आणि वर पाच मोत्यांचा एवढासा मुकुट.

उसवलं की पुसलं असं त्यांनाच वाटतं
ज्यांनी जन्मात काही धुतलेलं नसतं.

त्या वर्षी, अठराशे सोळात, उन्हाळा आलाच नाही.
जुलैत टेकड्यांवर धुकं, पाव महाग,
चादरी तीन-तीन दिवस दोरीवर जडशीळ.
शनिवारी तो स्वतः यायचा.
वाळले नाहीत म्हटलं की टोपी काढायची,
"थांबतो" म्हणायचं,
आणि इस्त्र्या तापायच्या त्या चुलीशी बसायचं.

म्हणाला, बाप ब्रिस्टलला सुतार होता.
ऑगस्टात तोच बाप चांभार झाला.
मी काही बोलले नाही.
खोट्याला खळ लागते, त्याचं लगेच मऊ पडायचं.

कपडे दाबायच्या रहाटाचा दांडा फिरवायला शिकला.
तळव्याला फोड आले ते मला दाखवले,
पोरं पडलेला दात दाखवतात तसे, हरखून.
त्या रात्री मला झोप लागली नाही,
हे त्याला अजून माहीत नाही.

आई म्हणायची, टॅम्सिन,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
शंभर घरांची अंथरुणं धुते मी, आई,
त्यातलं कुठलं पाहू?
वरच्या चौकातल्या बिछान्यांचं सगळं मला ठाऊक,
कुणाचा ताप, कुणाचं अपुरं मूल, कुणाची रिकामी उशी.
सगळ्यांवर मी पांघरूण घालत आले,
आधी ते स्वच्छ करून.

सप्टेंबरात एका शनिवारी तो बसला नाही.
उभ्यानंच म्हणाला, "मी जो आहे म्हणालो, तो..."
माझा हात नीळ लागलेला होता.
तसाच त्याच्या तोंडावर ठेवला.
नाव नको.
मुकुट मला दहा शनिवार आधीच भेटलाय.

मग फळीवरचा शर्ट काढून दिला.
त्याच भोकांतून दोरा घातला होता :
एचे दोन पाय आणि व्हीचा एक हात
मिळून एन झाला.
पी मात्र नवा, माझ्या सुईचा.
वरचे पाच ठिपके मोकळेच ठेवले,
कापडाला श्वास लागतो.

तो गळ्याच्या आत बघत राहिला, खूप वेळ,
गालावर माझी निळी बोटं घेऊन.
परीटघडी मोडायला धीर लागतो.
त्यानं ती मोडली नाही.
काखेत धरून, पावसात, घोडागाडीपर्यंत गेला.
मी चुलीत कोळसा घातला. दुसरं काय करणार.

ऑक्टोबर गेला.

नोव्हेंबरात वाटेच्या चिखलानं माखलेलं एक पुडकं आलं,
चाळीस मैलांवरून, टपालाचे पैसे माझ्याच अंगावर.
आत एकच शर्ट, मळका,
कॉलरच्या घडीत धुरकट रेघ,
आणि चिठ्ठी, सुंदर, शिकलेल्या अक्षरात :
नॅथन प्रॉसर. अडीच पेनी. खळ धरून.
स्वतः येऊन नेईन.

कॉलर मी नाकाशी धरली. किती वेळ, ते सांगत नाही.
मग धुतला. मंगळवारी कडक ऊन पडलं,
त्या अख्ख्या वर्षातलं पहिलं,
आणि शर्ट तासाभरात खडखडीत वाळला.

मी उत्तर लिहिलं :
हवा ओली आहे. वाळायला वेळ लागेल.
येऊन थांबावं.