चार बोटं प्ले

वाडीच्या नाक्यामागे, जिथे रस्त्याचं डांबर संपतं
आणि जुन्या ऑइलचं सुरू होतं,
नत्थू बिसेन गाडीखाली उताणा पडलाय.
फक्त पाय दिसतात. एका पायात मोजा नाही.

मी वर केबिनमध्ये. इंजिन बंद.
"हलवा, शालिकभाऊ. डावीकडे. उजवीकडे. लय नका, थोडंसंच."
चार बोटं स्टीअरिंग फिरतं
तेव्हा कुठे चाकाला निरोप पोचतो.

"कधीपासून असं चालवून राह्यले?"
मी म्हणतो, सहा-आठ महिने.
खालून उत्तर नाही.
मग म्हणतो, वर्ष.
मग, खरं सांगायचं तर, कोराडीची राख भरायला लागलो
तेव्हापासून. तीन उन्हाळे.

तो डोळ्यांनी शोधत नाही.
एकेका सांध्यावर तळवा टेकून पडून राहतो,
भिंतीला हात लावून कोणी शेजारचं भांडण ऐकावं तसा.
ड्रॉप आर्म ठीक.
ड्रॅग लिंकचा मागचा बॉल ठीक.
पुढचा...
"थांबा. परत."
टक्.
रबराचं बूट केव्हाच फाटलेलं,
आत ग्रीसच्या जागी राख.
मऊ, राखाडी. मी लगेच ओळखली.
मीच आणली होती ना.

मग जॅक. चाक अधांतरी.
राजिक वर एक हात, खाली एक हात धरून हलवतो.
खडखडतं.
"ब्रेक दाबून धरा."
दाबतो. तरी खडखडतं.
"म्हणजे बेरिंग नाही. किंगपिन गेली."
नात्यातल्या एखाद्या म्हातारीबद्दल बोलावं तसं म्हणतो,
जिचं सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

टाय रॉडचा एंड सुटता सुटेना.
एका अंगाला घन टेकवला, दुसऱ्या अंगाने हातोडा,
शेजारच्या पंक्चरवाल्याचा रेडिओ बंद पडला
इतका आवाज.
सुटला तेव्हा राजिकने आटे मोजत काढला.
साडेअकरा. खडूने दारावर लिहिलं,
माझ्या बापाच्या अर्ध्या पुसल्या नावाखाली.
नवा तेवढाच बसवायचा, नाहीतर चाकं एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत.

जुनी पिन मी हातात घेतली.
अंगठा फिरवला तर मधोमध पायरी.
डाव्या चाकाची जास्त झिजलेली. कायले? मी विचारलं.
"रस्ता डावीकडेच उतरतो, भाऊ. पाणी जावं म्हणून."
थोडं थांबून,
"खड्डेही तिकडेच."

संध्याकाळपर्यंत बुश ठोकले, रीमर फिरवला,
शिम एक काढली, परत घातली.
टोचा मारूनही निप्पल उघडेना, तेही बदललं.
हिशोब शिमच्या पुठ्ठ्यावर.
मी दोनदा वाचला, आकडा तोच राहिला.

आठव्या मैलापर्यंत चाचणी.
नत्थू बाजूला, मांडीवर पाना.
आणि गाडी निघाली ती दारू प्यायल्यासारखी,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
मागच्या टिप्परने हॉर्नवर हातच ठेवला.
मी म्हटलं, नत्थू, बिघडवून ठेवली तू.
"गाडी नाही हलून राह्यली. तुम्ही हलून राह्यले."

खरंच.
वळण यायच्या आधी वळायचं,
सरळ जायलाही उगाच थोडं देत राहायचं,
चार बोटं उधारीची, दर क्षणाला.
हात हे शिकून बसले होते
आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं
की उधारी फिटली.

"सोडा ना जरा," तो म्हणाला.
मी सोडलं. म्हणजे, धरलं नुसतं.
गाडी सरळ गेली. जातच राहिली.

हातांना काम उरलं नाही तेव्हा मी बाजूला पाहिलं.
दवलामेटीच्या अंगाला दिवे लागले होते,
ओळीच्या ओळी, पाण्याच्या टाक्या,
गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी.

एवढी घरं कधी झाली इथे?

नत्थू खिडकीबाहेर थुंकला.
"हेच तर. तीन उन्हाळे."