कीटक समाहारक

नेमणूकपत्रावर तसंच लिहिलंय : कीटक समाहारक.
देवळालीगावात म्हणतात, डासवाले पगारे.
निवृत्ती पगारे, अठ्ठावन्नला चार महिने कमी,
पहाटे पावणेपाचला आनंदवलीच्या गोठ्यात
भिंतीला नाक लावून उभे.
एका हातात बॅटरी, तोंडात रबरी नळी, नळीपुढं काच.
हलकेच श्वास आत ओढायचा,
कढत चहाचा पहिला घोट घ्यावा एवढाच,
की भिंतीवरची ती काचेत.
मध्ये मलमलीचा तुकडा असतो म्हणून बरं,
नाहीतर एकोणतीस वर्षांत
रोजचा नाश्ता झाला असता, असं तेच सांगतात.
म्हैस मान वळवून बघते, पुन्हा रवंथ करू लागते.

नऊला माझ्या टेबलावर येतात
एकवीस परीक्षानळ्या, कापसाची बुचं,
पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या :
गोठा. मोरी. देवघरामागं. खुंटीवरच्या सदऱ्यात.
सदरा कुणाचा, त्याला रकाना नाही.

मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात
मी सुईनं तिचं पोट उघडते.
बीजांडं तिळाहून बारीक.
भिंगाखाली त्यांच्यावरच्या श्वासनलिका दिसतात.
टोकं गुंडाळलेली असली, लोकरीच्या नव्या गुंड्यांसारखी,
तर हिनं अजून अंडी घातलेली नाहीत.
उलगडलेली असली तर घातलीत, एकदा तरी.
एकदा उलगडली की परत गुंडाळत नाहीत.
भीती या उलगडलेल्यांची :
एकाचं रक्त दुसऱ्याच्या दारापर्यंत न्यायला
पुरेसं आयुष्य यांनाच मिळालेलं असतं.
हे शिकले तेव्हा मी बावीसची होते, हसले होते.
आता सुई खाली ठेवून
जरा वेळ खिडकीबाहेर बघते.

नर मोजतो आणि बाजूला सारतो.
ते फुलांवर जगतात.

काझीपुऱ्यात जुबेदा कोकणींच्या चौकटीला
खडूच्या तारखा, खाली पगाऱ्यांची सही.
"दर मंगळवारी पिंप ओता म्हणता.
नळ येतो दिवसाआड, तोही अर्धा तास.
ओतू, मग पिऊ काय, तुमची सही?"
पगारे ओशाळले. पुढच्या खेपेला
प्लास्टिकच्या पिशवीतून गप्पी मासे घेऊन गेले,
पिंपात सोडले, वाकून बराच वेळ बघत राहिले.
सही मात्र केली. कामच ते.

सप्टेंबरात एका बुधवारी नळ्या आल्या नाहीत.
ताप, डोळ्यांमागं ठणका, प्लेटलेट बेचाळीस हजार.
रुग्णाच्या घराची तपासणी करायची असते, नियमच आहे,
आणि समाहारकाची जागा एकच. म्हणून मी गेले.
रांजण कोरडा. कुंड्या कोरड्या. गच्चीवर टायर नाही.
सुशीलावहिनी बॅटरी धरून मागं मागं.
"लोकांचे फ्रीज सरकवतात. आमचा जड आहे म्हणायचे."
आम्ही दोघींनी सरकवला.
मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी,
त्यात अकरा अळ्या, उजेड पडताच
वळवळत तळाशी गेल्या.

अकराही पिपेटनं उचलल्या, एकही सांडू न देता.
रजिस्टरमध्ये लिहिलं : पाहिलेली घरं एक, दूषित एक.
टक्केवारी काढायला गणित लागलं नाही.
मग त्यांच्या चौकटीवर खडूनं तारीख घातली.
सही करताना अक्षर उगाचच लहान आलं.

संध्याकाळी वॉर्डात गेले.
डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "किती?"
अकरा.
"एडिस?"
हो.
"लिहिलंत ना?"
लिहिलं.
"टेपानं मोजलंत पाणी?"
बोटानं.
"टेपानं मोजत जा," म्हणाले, आणि डोळे उघडले.
पण बघत माझ्याकडे नव्हते.
सलाइनच्या दांडीमागं, पोपटी रंगाच्या भिंतीवर,
काहीतरी बसलं होतं, मागचे पाय उचलून.
आम्ही दोघंही श्वास रोखून.
नळी कुणाकडंच नव्हती.