सेकंदाला एकदा

परळच्या इस्पितळाचं तळघर.
पाण्याच्या पंपाला लागून आमची खोली,
अठरा अंशांवर गारठलेली.
दारावर पाटी : चपला बाहेर काढाव्यात.
आत दोघी. एकीचं नाव थोरली, दुसरीचं धाकटी.
उतरल्या एकाच टेम्पोतून,
पण तांडेल सरांनी खोका आधी थोरलीचा फोडला.

थोरली काम करते. धाकटी ऐकते.
अख्ख्या इस्पितळाच्या छात्या, कवट्या, मोडलेली मनगटं
खालच्या चोवीस डिस्कवर,
आणि वर या दोघी, निळ्या केबलच्या दोन टोकांना,
सेकंदाला एकदा
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.

डिस्क मरतात, त्याचं काही नाही.
दोन-तीन महिन्यांनी एखादी जाते,
नारिंगी दिवा लागतो, मी खण ओढते,
जुनी काढते, नवी सरकवते,
आणि उरलेल्या सगळ्या मिळून
गेलेलीचं पान न पान आठवून लिहून काढतात.
रात्रभर चालतं ते. मी डबा खाते.
सर सांगायचे, एका खोक्यातल्या डिस्क एका रांगेत लावू नकोस,
जुळ्यांचं दुखणं एका वेळचं.

मेलेल्याचं सोपं असतं, म्हणायचे.
धास्ती घ्यायची ती न मेलेल्याची.
उत्तर आलं नाही म्हणजे मेली असं नसतं,
मधली वायरच तुटली असेल,
ती पलीकडे अजून लिहीत असेल,
मग दोघी लिहीत सुटतील एकाच पानावर,
आणि चिंचपोकळीच्या बाईच्या फुफ्फुसात
नालासोपाऱ्याच्या माणसाची गाठ.

म्हणून त्यांनी तो नियम घातला.
मला तेव्हा कसाईपणाचा वाटला होता :
जागा घ्यायची तर आधी दुसरीची वीज तोड.
तुटल्याची पावती हातात आल्याशिवाय
एक अक्षर लिहायचं नाही.

मंगळवारी पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी
घुशीने निळी केबल कुरतडली.
परळची घूस. मांजरं तिला वाट देतात.
(दुसऱ्या भिंतीतून दुसरी केबल न्यायची आहे,
फाईल दिवाळीपासून भांडार विभागात.)
धाकटीने विचारलं, आहेस?
पुन्हा. पुन्हा. दहा वेळा.
थोरली ठणठणीत होती,
नुकतीच तिने एका पोराची मोडलेली मांडी
नीट घडी घालून ठेवली होती,
तीही विचारत होती, आहेस?
धाकटीचा हात आधी पोचला.
वीज तोडली.
पावती घेतली.
लिहायला बसली.

वर सतरा सेकंद पडदे थबकले.
रात्रपाळीची फिलोमिना डाबरे म्हणाली असेल,
आज जरा जड चालतंय,
आणि त्या पोराला, हलू नको रे बाळा.

मी चार वाजता पोचले.
गुडघ्यांवर बसून नवी केबल ओढली,
बिळात काच कुटून सिमेंट लिंपलं,
मग थोरलीला उठवलं.
वाटलं होतं भांडेल, आपली जागा मागेल.
तिने आधी आपली पानं धाकटीच्या पानांशी ताडून पाहिली,
मागे पडलेली तेवढी उतरवून घेतली,
आणि म्हणाली, आहेस?
आता ती ऐकते.

नोंदवहीत लिहिलं : घूस. १७ सेकंद. हानी नाही.
वरच्या पानापर्यंत सरांचं अक्षर,
र चा पाय लांब ओढलेला.

उजाडल्यावर वरळीला फोन लावला, कोळीवाड्यात.
निवृत्त होऊन दोन वर्षं,
गेल्या साली डावा हात गेला,
तरी उजव्या हाताने आणि दातांनी जाळं विणतात म्हणे.
रिंग वाजत राहिली.
सात. आठ.
फोन उशीखाली असेल.
दातांत दोरा असेल.
नऊ.
भिंतीपलीकडे पंप सुरू झाला.
मी काहीच ठरवलं नाही,
पुन्हा लावला.