टेक

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास.
लोखंडी जिना, सतरा पायऱ्या.
संध्याकाळची बॅच नर्सेसची.
ड्युटी उतरून येतात, हातांना स्पिरिटचा वास,
सेव-उसळीची पिशवी बाकाखाली लपवतात
आणि मी फळ्यावर एक क्रियापद लिहितो.
इंग्रजीत चार अक्षरं, आपल्यात दोन:
टेक.

म्हणजे घेणे, मी सांगतो.
सांगतो आणि फसतो.

कारण रक्त घेतात, इथवर ठीक.
पण नाडी बघतात, ताप मोजतात,
फोटो काढतात, चपलाही काढतात,
रिक्षा करतात,
औषध घेतात म्हणतात, पण गोळी खातात.
आणि वेळ? वेळ लागतो.
या सगळ्यांच्या जागी साहेबाचं एकच टेक,
थोरल्या सुनेसारखं,
दिसेल त्या कामाला जुंपलेलं.

फाल्गुनी पटेल मागून म्हणाली,
सर, आमच्या गुजरातीत टेक म्हणजे प्रतिज्ञा.
घेतली की मोडायची नाही.
वृषाली शितोळे, वहीतून मान वर न काढता:
आमच्यात टेक म्हणजे
पाठीला भिंत.

मी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले नाहीत.
परीक्षेत येत नाहीत ते.

परीक्षेचंही उलटंच.
आपल्याकडे मुलं परीक्षा देतात, मास्तर घेतो.
तिकडे घेणारी मुलंच.
मग सर, तुम्ही काय करता?
मी गिव्ह करतो, म्हणालो. सगळ्या हसल्या.
वृषालीने लिहिलं, आय विल टेक द टेस्ट,
आणि वाक्याकडे बघत राहिली,
वाण्याने सुटे पैसे जास्त परत दिल्यासारखी.
फी भरली होती आईच्या पाटल्यांवर.
तिच्या मते त्यात घेतलं होतं ते सोनाराने.

मग बारा-तेरा दिवस ती आलीच नाही.

आली तेव्हा मी सवयीने म्हणालो, इंग्रजीत सांग.
आय टुक माय फादर टु द हॉस्पिटल, म्हणाली.
काळ बरोबर, क्रम बरोबर.
मग मराठीत, अगदी शंका विचारावी तसं:
सर, मी त्यांना नेलं, ते टुक.
आणि पहाटे देवाने नेलं,
तेही टुकच?

हो म्हणालो.
दुसरं काय म्हणणार होतो? व्याकरण बरोबर होतं.

फाल्गुनीने बाक जरा सरकवलं.
वृषाली भिंतीशी जाऊन बसली,
तिच्या अर्थाने टेकून.
पुढच्या पानावर होतं 'टेक आफ्टर':
बापाच्या वळणावर जाणे.
तिचे कान, तिची हनुवटी, सगळं पानावर तयार होतं.
मी एकदम दोन पानं उलटली.

आता ती लीड्सला असते.
इथे झोपायची वेळ झाली की तिचा मेसेज येतो.
सर, आज एका आजोबांना विचारलं,
डू यू टेक शुगर?
ते म्हणाले, दोन चमचे, पण मुलीला सांगू नकोस.
मी चहा दिला, त्यांनी घेतला.
बाकी सकाळपासून पाठ टेकलेली नाही.
टेक केअर, सर.

मी लिहिलं, काळजी करू नकोस.
खोडलं.
लिहिलं, काळजी घे.
एवढं एकच वाक्य सापडलं
जिथे त्यांचा शब्द आणि माझा शब्द
काही न सांडता
एकमेकांत बसतात,
आणि ते मी तिला शिकवलं नव्हतं.

सकाळी नवी बॅच आहे. खडू आणायचे राहिलेत.
खाली शटर अर्धं ओढून
झेरॉक्सवाला कुणाच्या तरी पासपोर्टच्या
प्रती काढतोय.